बाबांची गर्दी

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. तिथे दिवसभर करवती किंचाळतात, ग्राइंडर ठिणग्या उडवतो, शेजारचा पठाण गॅरेजवाला इंजिनं तापवून बघतो. या गदारोळात, नोकरी नवी असताना, मी प्लायवूडच्या शीट मोजता मोजता जराशी शीळ घातली आणि आमच्या गोऱ्या साहेबांनी, सगळे त्यांना बाबा म्हणायचे, सगळी मशिनं बंद करायला लावली.

"किसने सीटी बजाया?"

मी हात वर केला. शाळेपासूनची सवय आहे, गुन्हा कोणाचाही असो, हात माझा वर जातो. त्या दिवशी योगायोगाने गुन्हाही माझाच होता. बाबांनी मला दाराबाहेर काढलं. तिथे तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं आणि आत येण्याची परवानगी मागायची, असा हुकूम झाला. बाहेर ऑगस्ट होता. मी भर उन्हात गिरक्या घेतोय हे बघून पठाणाला वाटलं, याची नोकरी गेली आणि त्याचा डोक्यावर परिणाम झाला. त्याने मायेने मला बसवून चहा पाजला. चहा पिऊन आत गेलो, तर बाबा दारातच उभे. शिक्षेत चहा नव्हता, म्हणून गिरक्या परत घ्यायला लावल्या.

कारण त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. जुन्या काळी त्यांच्या गावच्या थिएटरात रंगमंचावरचे दोर ओढायला जहाजावरचे खलाशी ठेवत. ते एकमेकांना शिट्ट्यांनी इशारे द्यायचे. भलत्याने शीळ घातली की वरून अर्धा राजवाडा खाली यायचा, कोणाच्या तरी डोक्यावर. मी नम्रपणे म्हटलं, सर, आपल्या वर्कशॉपात वर काहीच टांगलेलं नाही. बाबांनी पत्र्याच्या छताकडे बघितलं आणि म्हणाले, "अभी तक नहीं."

आमची कंपनी प्रदर्शनांचे स्टॉल, लग्नांचे स्टेज, मॉलमधली सजावट असलं सगळं बनवते. मी तिथे प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. म्हणजे क्लायंट आणि सुतार यांच्या मधे उभं राहून दोघांनाही चुकीचं सांगायचं. बाबा टेक्निकल हेड. त्यांचं खरं नाव इतकं लांब होतं, आणि त्यात इतकी जोडाक्षरं एकमेकांना ढकलत उभी होती, की मुसफ्फाच्या साइटवरचा गेटपासवाला दर खेपेला नवीन माणूस आत सोडत असल्यासारखं वेगळंच काहीतरी लिहायचा. त्यामुळे नेपाळ्यांपासून मल्याळ्यांपर्यंत सगळ्यांचे ते बाबा.

उंच, सडपातळ, शिडी भिंतीला लावून ठेवावी तसे उभे राहायचे. बारा महिने काळा शर्ट आणि काळी पँट. रंगमंचावर काम करणारा माणूस दिसता कामा नये, म्हणून काळं. शारजाच्या उन्हात काळ्या कपड्यातला एवढा उंच गोरा माणूस दोन सिग्नल अलीकडून दिसायचा, ही गोष्ट वेगळी. स्टेजवर डोक्यावर काही घालायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. यावरून सेफ्टी ऑफिसरशी त्यांचं महायुद्ध झालं, कारण हेल्मेटशिवाय काम म्हणजे दंड. शेवटी बाबांनी तोड काढली. हेल्मेट ही टोपी नसून कॉस्च्युम आहे, असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाचं हेल्मेट त्याच्या अंगाला शोभतं की नाही हे बघून वाटप होऊ लागलं. मला लाल दिलं. का, हे मी विचारलं नाही.

बाबा जर्मनीचे, पण जर्मनीचे म्हटलं की रागवायचे. ते त्यांच्या गावचे होते आणि गाव म्हणजे गावचं थिएटर. जंगलांच्या मधे एवढंसं संस्थान. शेजारचे राजे तोफा जमवत होते तेव्हा यांचा राजा पडदे जमवत होता. स्वतः बसून पोशाखांची चित्रं काढायचा, तालमीला हजर राहायचा, खोटं चिलखत चालायचं नाही म्हणायचा. शेवटी त्याची नाटकमंडळी आगगाडीचे डबेच्या डबे सामान घेऊन युरोपभर हिंडली, आणि मोठमोठ्या राजधान्यांतले लोक या आडगावच्या कंपनीसाठी रांगा लावू लागले.

"किसलिए?" इथे थांबून बाबा विचारायचे.

"गर्दी के लिए," आम्ही सगळे पाढा म्हटल्यासारखे म्हणायचो. त्यांना 'गर्दी' हा शब्द आमच्या रवळू मेस्त्रींनी शिकवला होता आणि तो त्यांना जर्मन शब्दापेक्षा जास्त आवडायचा.

बाकी ठिकाणी रंगमंचावरची गर्दी म्हणजे संध्याकाळपुरते भाड्याने आणलेले शिपाई. रांगेत उभे राहणार, हात वर करून ओरडणार, घरी जाणार. बाबांच्या थिएटरात गर्दीतल्या प्रत्येकाला नाव होतं, घर होतं, शेजाऱ्याशी भांडण होतं. आणि आज जो नायक, त्याला दुसऱ्या नाटकात काम नसेल तर गर्दीत उभं राहावंच लागे. नाही म्हणणाऱ्याला निरोपाचा नारळ. मग ते थिएटर जळालं. तेव्हा सगळा गाव पोशाख वाचवायला आत घुसला. गावचा बेकरीवाला राणीचा मखमली झगा अंगावर चढवून बाहेर आला, कारण त्याच्या दोन्ही हातांत दुसऱ्या दोन राण्या होत्या. गावाने ते परत उभं केलं, आधीपेक्षा मोठे खांब लावून. पुढे राजा गेला, लढाया झाल्या, सरकारं आली नि बदलली, दारावरच्या पाट्या बदलल्या. पडदा उघडतच राहिला.

हे ऐकून ऐकून माझा मराठी अभिमान डिवचला गेला. मी एकदा सांगितलं की आमच्याकडेही सांगलीच्या संस्थानिकांनी पदराला खार लावून नाटक उभं केलं. बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं, स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, पडदा वर जायचा की बाजूला? उजेड कशाचा? गर्दीत कोण उभं राहायचं? मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, उजेड खूप होता. बाबा म्हणाले, छान, आणि पुन्हा कामाला लागले. इतका गार झालेला अभिमान मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय म्हणजे स्टेज तयार झाला की ते त्याच्या खाली शिरायचे. वरून कामगारांना चालायला लावायचे आणि खालून नावं सांगायचे. हा रवळू. हा पेंटर. हा कोऑर्डिनेटर, कारण हा दोनदा वळतो आणि परत तिथेच येतो. एकदाही चुकले नाहीत.

या खाली शिरण्याचा उलगडा मला उम्म अल कुवैनहून परत येताना झाला. समुद्रकाठच्या एका हॉटेलात लग्नाचा स्टेज लावून आम्ही दोघं पिकअपमधून येत होतो. बाबांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, वय झालं म्हणून व्हिसाही पुढे वाढणार नव्हता. हिवाळा संपला की ते कायमचे गावी जाणार. मी सहज विचारलं, ती गर्दी बघताना कसं वाटायचं हो?

बाबा खिडकीबाहेरची वाळू बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "मैंने नहीं देखा."

त्यांची आई त्या थिएटरात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या खाली, पुढच्या बाजूला एक पेटीवजा खोपटं असे, त्यात बसून नटांना वाक्यं पुरवायची. लहानगे बाबा तिच्या पायाशी. सगळी नाटकं त्यांनी खालून ऐकली, बुटांच्या आवाजावरून माणसं ओळखत. वडील दोर ओढणारे, म्हणून मोठेपणी बाबाही विंगेत, दोरापाशी, काळ्या कपड्यांत. समोर बसून नाटक असं बघितलंच नाही. आणि ती जगप्रसिद्ध गर्दी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीची. वडिलांच्या वेळी ती थोडी उरली होती. मग भिंत पडली, देश एक झाला, खर्च कापले. "मेरे टाइम में गर्दी स्पीकर से आता था," बाबा म्हणाले.

म्हणजे वीस वर्षं हा माणूस आम्हाला ज्याच्याबद्दल छाती फुगवून सांगत होता, ते त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. मी रेडिओ लावला. त्यावर अरबी जाहिरात लागली. मी तो बंद केला.

त्याच हिवाळ्यात इथल्या आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक नाटक होतं. नाटक मी लिहिलं होतं, किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक राज्याचं, आणि राजा मीच होतो. लेखक असण्याचा एवढा तरी फायदा पाहिजे. पहिल्या प्रवेशात लढाई जिंकून येणाऱ्या राजाची प्रजा धक्क्यावर वाट बघते, शंख वाजतो, राजा येतो आणि दोन पानी भाषण करतो. भाषण फार सुंदर आहे असं माझं मत होतं. प्रजा म्हणून आमच्याच वर्कशॉपातले सुतार-पेंटर धरून आणले. सेट त्यांनीच बनवला होता, ते तसेही तिथेच होते. मंडळाचे अध्यक्ष फ्री झोनमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. ते म्हणाले, मागे उभे राहा आणि जय म्हणा, बाकी टेन्शन नको. मंडळी कंपनीच्या बससाठी थांबतात तशी ओळीत उभी राहिली.

बाबा त्या दिवशी स्टेज तपासायला आले होते, म्हणजे अर्थातच खाली होते. खालून आवाज आला, "ऊपर कोई नहीं है."

अध्यक्ष दचकले. मी वाकून फटीतून म्हटलं, बाबा, इथे भरपूर लोक आहेत. खालून उत्तर आलं की खांब आहेत, लोक नाहीत. लोक उभे असले की पाय बदलतात.

मग ते वर आले आणि माझं नाटक माझ्या हातातून गेलं. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, तू कोण, काय घेऊन आलास, राजाकडे तुझं काय काम आहे, इथे तुझं कोणाशी पटत नाही? रवळू मेस्त्री कुडाळकडचे. त्यांनी क्षणभर विचार करून सांगितलं की आपली म्हैस हरवली आहे आणि राजा भेटेपर्यंत आपण घरी जाणार नाही. मंडळातली वसईची सिल्विया एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला असते, तिला राणीची दासी व्हायचं होतं, बाबांनी मासळीवाली केलं. तिने लगेच सांगितलं की याच्या म्हशीने माझे वाळत घातलेले बोंबील खाल्ले. "म्हस म्हावरां खाता काय?" मेस्त्री खवळले. हा वाद तालमीत सुरू झाला तो बसमध्ये, कामगारांच्या कँपवर, वर्कशॉपात महिनाभर चालू होता. एका सुताराने गावी फोन करून घरच्या म्हशीबद्दल चौकशीसुद्धा केली.

यानंतर बाबांनी आपला नियम काढला. ज्याला त्या क्षणी काम नाही तो गर्दीत. अध्यक्ष म्हणाले, मला पाहुण्यांचं स्वागत करायचं आहे. बाबा म्हणाले, ते नाटकानंतर. अध्यक्षांना जकात नाक्यावरचा कारकून केलं आणि तो त्यांना इतका जमला की घरीही उतरेना, असं वहिनी सांगतात.

मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, सर, लोक माझीच वाट बघत आहेत, मी त्यांच्यात कसा उभा राहणार?

"राजा शेवटी येतो. तोपर्यंत तू काय करतोस?"

"आत बसतो. मूडमध्ये जातो."

"चहा पितोस," बाबा त्यांच्या हिंदीत म्हणाले. "कांबळं घे, पागोटं घाल, उभा राहा. शंख वाजला की मागच्या मागे सटक, राजा हो, दुसऱ्या बाजूने ये. यल्ला, चल."

मी खूप तोंड वाकडं केलं. पण आपली नाटकमंडळी भाड्याने आणलेल्या शिपायांची ठरावी, हेही बरं वाटेना. राहिलो उभा.

प्रयोगाच्या संध्याकाळी शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. बाबांनी स्वतःसाठी शेवटच्या रांगेत मधोमध एक खुर्ची राखून ठेवली होती. पहिल्यांदाच समोरून बघायचं होतं त्यांना. आम्ही विंगेत जमलो तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या डाव्या खांद्यावरून खोटं खोटं थुंकल्यासारखं करत "टॉय टॉय टॉय" म्हटलं. ही त्यांच्याकडची दृष्ट काढायची रीत. त्यावर आभार मानायचे नसतात, नाहीतर सगळं उलटतं, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. माझ्यापाशी आले, टॉय टॉय टॉय म्हणाले, आणि मी वाकून म्हणालो, थँक यू सर. बाबांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात रवळू मेस्त्रींनी विचारलं, "बाबा, तुम किधर खडा?"

बाबांनी पडद्याच्या फटीतून बाहेर बोट दाखवलं. मेस्त्री म्हणाले, रूल सबको है बोला ना तुम. शो शुरू होने के बाद तुमको क्या काम है?

मला वाटलं बाबा रागवणार. मेस्त्री माझ्याच वतीने बोलतायत याचा मला आधी आनंद झाला, मग लक्षात आलं की हा माणूस बाबांकडे काय मागतोय. गर्दीत उभं राहिलं की गर्दी दिसत नाही. बाबांनी फटीला डोळा लावला, बराच वेळ त्या खुर्चीकडे बघितलं. मग काळ्या शर्टाची वरची गुंडी लावली, वाकले आणि डोकं मेस्त्रींच्या पुढे धरलं. मेस्त्रींनी त्यावर पिवळाधमक फेटा बांधला. सिल्वियाने खांद्यावर उपरणं टाकलं. हातात एक रिकामं वल्हं दिलं, आणि परदेशी खलाशी प्रजेत सामील झाला.

पडदा उघडला. आता खरं सांगतो, तसला धक्का मी कुठल्या बंदरावरही बघितलेला नाही. कोणी कोणाच्या टोपलीला पाय लावतोय, कोणी कर्जाच्या माणसापासून तोंड लपवतोय, अध्यक्ष येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघतायत. शेजारी उभे राहून रवळू मेस्त्री मला म्हशीची गोष्ट सांगत होते. तालमीत ती रोज पुढे सरकायची, त्या दिवशी तर कहर झाला. म्हैस सापडली होती, आणि ती जकात नाक्याच्या मागे बांधलेली होती. मी म्हटलं, काय सांगता. मेस्त्री म्हणाले, हळू बोल, तो बघतोय. खरंच, अध्यक्ष बघत होते.

इतक्यात शंख वाजला.

सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. टाचा उंच केल्या. राजा कुठे दिसेना. आम्ही सगळे थांबलो. अजून नाही. मला त्याचा राग आला. इतकी माणसं उन्हातान्हात उभी आहेत, म्हैस सापडलेली आहे, आणि हा गृहस्थ आपला... आणि मग हा गृहस्थ कोण हे मला आठवलं.

आता हळूच सटकावं तर सगळं सभागृह बघतंय. मागे माझी मुलगी कुठेतरी बसली होती आणि तिला उद्या शाळेत जायचं होतं.

"राजा खंय रवलो?" रवळू मेस्त्री मोठ्याने म्हणाले. सभागृहात खसखस पिकली.

सिल्वियाने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "ए लांब तंगड्याच्या, नुसता उभा काय राहतोस? जा, बघून ये. आणि त्याला सांग, मासळी खराब होतेय."

मी धावलो. विंगेत झगा, मुकुट, तलवार. घाईत झग्याच्या बाहीत डोकं घातलं आणि ते तिथेच अडकलं. त्या अंधारात मला फक्त आवाज ऐकू येत होते. बाहेर गर्दी वाट बघत होती. कोणी संवाद मारत नव्हतं, कोणी घाबरून जय म्हणत नव्हतं. बोलणं हळूहळू कमी झालं. मग नुसते पाय ऐकू आले. पाय बदलत होते. सभागृहात एक मूल रडत होतं तेही थांबलं. मी झग्यातून बाहेर पडून विंगेच्या तोंडाशी आलो तेव्हा ती सगळी माणसं माझ्या दिशेला बघत होती. सुतार, पेंटर, हॉटेलवाली, अकाउंट्सवाले. इतकी वाट माझी आयुष्यात कोणी बघितलेली नाही, अगदी घरीसुद्धा. मी पुढे झालो आणि दोन पानी भाषणातलं शेवटचं एकच वाक्य बोललो. बाकीचं त्यांच्यासमोर बोलायची लाज वाटली.

टाळ्या थांबेनात. मुलगी नंतर म्हणाली, "पपा, यू वेअर ओके. दि अदर्स वेअर ऑसम." मी हे बोलणं कौतुक म्हणून घेतलं आहे.

सोमवारी वर्कशॉपात रवळू मेस्त्रींनी फोन आणला. त्यांच्या रूममेटने शेवटच्या रांगेतून सगळा पहिला प्रवेश टिपला होता. बाबा स्टुलावर बसले, चष्मा लावला. आम्ही मागे कोंडाळं करून उभे. स्क्रीनवर धक्का, टोपल्या, सिल्विया, अध्यक्ष. शंख वाजला, सगळ्यांच्या माना वळल्या, आणि बाबांनी बोट टेकवून व्हिडिओ थांबवला.

"ये लंबा आदमी कौन है? पीला पगडी."

सगळी प्रजा राजाच्या वाटेकडे टक लावून बघत होती. त्यांच्या मधोमध पिवळ्या फेट्यातला एक उंच माणूस वल्हं छातीशी धरून उभा होता, आणि तो राजाच्या वाटेकडे बघतच नव्हता. तो तोंड थोडं उघडं टाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रजेकडे बघत होता.

"हमारे थिएटर में ऐसा आदमी को उसी दिन निकालता था," बाबा कडक आवाजात म्हणाले.

"निकालूँ क्या बाबा?" रवळू मेस्त्रींनी विचारलं.

"खलास. निकालो," बाबा म्हणाले, आणि फोन डोळ्यांच्या आणखी जवळ धरून त्यांनी व्हिडिओ पहिल्यापासून लावला.